तिच्या सोयीसाठी

सोमवारी सकाळी ती ऑफिसात पोचली तेव्हा तिची खुर्ची बदललेली होती. डावा हात मोडलेली, चाक करकरणारी, पण तिच्या पाठीनं माणसाळवलेली जुनी खुर्ची गायब, आणि तिच्या जागी कमरेला उशी लावलेली नवीकोरी. उशीवर चिकटवलेला कागद: 'आईसाहेबांसाठी, टीमकडून प्रेमपूर्वक.' ती हसली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईनं पहिल्या आठवड्यात हसत राहायचं असतं, हे तिला कुणी न सांगता कळत होतं. बसून पाहिलं. खुर्ची खरंच बरी होती, आणि त्याचाच जास्त राग आला.

मग ती कॉफीच्या यंत्राकडे गेली आणि तिथल्या पांढऱ्या फळ्याशी थबकली.

त्या फळ्यावर शुक्रवार लिहिलेले असत. टीमची ही जुनी रीत. दर शुक्रवारी जेवणानंतर सगळ्यांनी खुर्च्या ओढून गोल बसायचं, आणि ज्याचा शुक्रवार असेल त्यानं त्या आठवड्यात आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं काय वाचलं ते सांगायचं. नुसतं सांगून सुटका नाही. वाचलेलं आपल्याच कोडमध्ये कुठे बोचतं तेही दाखवायचं. टीमच्या म्होरक्यानं, ज्याला सगळे कप्तान म्हणत, हे सुरू केलं होतं. दिसायला गप्पांचा फड, पण नवं काम आलं की ते कुणाच्या पदरात पडणार हे तिथेच ठरे. औषधाची आठवण करून देणारी सेवा तिच्याकडे आली ती अशाच एका शुक्रवारी. साध्या फोनवाल्या म्हाताऱ्या माणसांना ठरल्या वेळी कॉल जायचा: 'औषधाची वेळ झाली. घेतलं असेल तर एक दाबा.' पहिल्या चाचणीपुरतं म्हणून तिनं ते वाक्य स्वतःच्याच आवाजात भरलं होतं. नंतर चांगला आवाज भरू, भरू म्हणता तोच राहून गेला.

आता ती सेवा मुळापासून नव्यानं बांधायची होती. म्हणूनच रजेवर जाण्याआधी, पोट फळ्याला टेकत असताना, तिनं या शुक्रवारच्या पुढे स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

ते पुसलेलं होतं. तिथे बदलीवाल्याचं नाव होतं. बदलीवाला म्हणजे रजेत तिच्या जागी तात्पुरता आलेला, आणि ती परतली तरी जागचा न हललेला.

"अरे, माझा शुक्रवार कुठे गेला?" तिनं कप्तानाला गाठलं.

"अगं हो, सांगायचंच राहिलं. तुझ्यावर भार नको म्हणून काढला. झोप तरी होते का तुझी?"

"झोपेचं मी बघीन. शुक्रवार का काढलास?"

"वाचायला वेळ कुठून आणणार तू आता? आमच्या हिला पहिलं वर्षभर पेपरची घडी मोडता आली नव्हती."

"का? तू मोडून ठेवत होतास?"

त्याला हा विनोद वाटला. तो मनापासून हसला. "जरा निवांत घे गं. आठवणीचं काम तो बघतोय. तू हलकंफुलकं कर, बटणांचे रंग वगैरे. सगळं तुझ्या सोयीसाठीच चाललंय."

जिभेवर आलेलं तिनं कॉफीबरोबर गिळलं. कॉफी गरम होती, जीभ भाजली.

खरं सांगायचं तर आयुष्यात कधी नव्हे इतकं ती या रजेत वाचत होती. ठकी, म्हणजे तिची लेक, अंगावर पीत पीत झोपायची आणि खाली ठेवलं की डोळे उघडायची. तेव्हा एका हातात ठकी, दुसऱ्या हातात फोन, पडद्याचा उजेड तळाला नेलेला, आणि अंगठ्यानं एकेक ओळ वर सरकवायची. डेटाबेस का कोलमडतात, मोठमोठ्या साइट कशा झोपल्या आणि कशा उठल्या, कुणाच्या एका चुकलेल्या स्वल्पविरामानं काय घडलं, सगळं. ठकीच्या टाळूवरची नाडी उडताना दिसायची आणि तिच्या पलीकडे ओळी सरकत असायच्या. एखादा परिच्छेद चार वेळा सुरू व्हायचा, पण पुरा व्हायचा.

घरात याला वाचन म्हणत नसत.

"सारखं काय गं त्या फोनमध्ये," सासूबाई म्हणायच्या. नातीला सांभाळायला त्या येऊन राहिल्या होत्या. जीव लावणाऱ्या, हाताला उसंत नसलेल्या बाई, पण डोळा चौफेर. "पोरीकडे बघावं पाजताना. तिला कळतं सगळं."

सोमवारी संध्याकाळी त्या हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा लेक, म्हणजे तिचा नवरा, जेवणाच्या टेबलाशी कानांवर हेडफोन चढवून लॅपटॉप उघडून बसला होता. तोही याच धंद्यातला.

"अहो आई, तोही तेच करतोय की."

"तो वाचतोय," सासूबाई म्हणाल्या. "त्याला बोलू नकोस."

तो वाचतो, मी फोनवर असते. तिनं ठकीचा पाय मुठीत धरला. एवढासा पाय, टाच अजून कधी जमिनीला न लागलेली. राग त्या पायापर्यंत पोचू नये म्हणून तिनं मूठ सैल सोडली आणि पुढची ओळ वर सरकवली. शुक्रवार पुसला म्हणून वाचन पुसलं जात नाही. तो परत घ्यायचा, एवढं तिनं ठरवून टाकलं. कसा, ते माहीत नव्हतं.

मंगळवारी ठकीला टोचून आणायचं होतं. दवाखान्याच्या भिंतीला लागून बाकं, बाकांवर आया, आयांच्या मांडीवर आपापली गाठोडी. तिथे तिला एक लेख सापडला. कुणा म्हाताऱ्या इंजिनिअरचा होता, अलार्मवर. तो लिहीत होता की अलार्म वाजला की नाही हे सगळे तपासतात. तो ज्याच्यासाठी वाजतो ते माणूस अजून तिथे बसतं का, हे कुणी तपासत नाही. त्यानं काम केलेल्या एका कारखान्यात बॉयलरची घंटा रखवालदाराच्या खोलीत होती. खोलीचं पुढे कोठार झालं, रखवालदार निवृत्त झाला, आणि घंटा इमानेइतबारे पोत्यांना बातमी देत राहिली.

"ओ ताई, नंबर तुमचा. फोन ठेवा की आता," नर्स म्हणाली, आणि बाकावरच्या सगळ्या आयांनी तिच्याकडे पाहिलं.

सुई लागली तेव्हा ठकी आधी नुसती आईकडे बघत राहिली, तूसुद्धा, अशा नजरेनं, आणि मग रडली. ती लेकीला छातीशी घट्ट धरून दवाखान्याबाहेरच्या फुटपाथवर येरझारा घालत राहिली. मानेवर ओला, गरम श्वास लागत होता. पोती आणि घंटा डोक्यातून जात नव्हती.

बुधवारी ठकीला कणकण आली म्हणून ती घरूनच काम करत होती. दुपारी तिच्या आईचा फोन आला. आई बाळंतपणासाठी येऊन राहून गेल्या महिन्यात तिच्या गावी परतली होती, आणि तिथे एकटीच असायची.

"ताप किती आहे पोरीला? आणि तुझा आवाज असा का?"

"काही नाही गं. तू कशी आहेस? गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. आठवलं की घेते."

"आठवलं की म्हणजे? आमचा आठवणीचा फोन येतो ना रोज?"

"तो कुठला यायला," आई सहज म्हणाली. "इथे आल्यापासून नाही आला. तिथे तूच हातावर गोळी ठेवायचीस, तेव्हा लक्षात नाही आलं. मग म्हटलं, तू रजेवर म्हणजे तोही रजेवर असेल. आवाज तर तुझाच आहे."

ती उभी राहिली. "आई, एकदाही नाही आला? मग मला का नाही सांगितलंस?"

"अगं, तू बाळंतीण. त्यात नोकरी. त्या मेल्या फोनसाठी तुला कशाला त्रास? परवा जरा चक्कर आली तेव्हा वाटलं सांगावं, पण बसले जरा कॉटवर आणि थांबली."

"चक्कर आली?"

"थांबली म्हणाले ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग कुणावर काढावी तेच कळेना. समोर फक्त आईचा आवाज होता. "आई," ती म्हणाली, आणि आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला, "मला त्रास देत जा. कळलं? चक्कर आली तर मला त्रास द्यायचा. फोन नाही आला तर त्रास द्यायचा. मी मेलेली नाहीये, बाळंतीण आहे."

आई म्हणाली, "किती ओरडतेस. पोर दचकेल."

पोर दचकली नव्हती. पोर टक लावून बघत होती.

गुरुवारी ठकीचा ताप उतरला आणि ती ऑफिसात गेली ती सरळ आपल्या कोडमध्ये शिरली. तिनं बांधताना सोय करून ठेवली होती की कॉल लागला नाही तर पुन्हा करायचा, पुन्हा नाही तर पुन्हा, आणि तरी नाही तर त्या सेवेच्या मालकाला, म्हणजे ती सांभाळणाऱ्याला, अलार्म. चाचणीच्या यंत्रणेत तिनं मुद्दाम एक खोटा नंबर घातला, कॉल सोडला, आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

कुणाचा फोन वाजला नाही. कुणी मान वर केली नाही. बदलीवाला बटणं बडवत होता. टेस्टरताई, म्हणजे टीममध्ये सगळ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी बाई, चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय हरवलंय?"

"अलार्म."

"कुठला?"

"जो आत्ता वाजायला हवा होता."

सर्व्हर सांभाळणारा गडी कोपऱ्यातून बोलला, "आठवणीचा का? तो तुझ्याकडेच जातो ना. मालक म्हणून तूच आहेस तिथे."

"माझा फोन नाही वाजला."

"नाहीच वाजणार. तुझं खातं मी म्यूट केलंय." तो चांगुलपणानं हसला. "तू रजेवर गेलीस तेव्हा कप्तान म्हणाला, लेकरू झोपलं असेल, उगाच पोरीच्या उशाशी किणकिण नको. म्हणून तुझं सगळं शांत करून टाकलं. एक मेसेज येऊ दिला नाही तुला. मानलं ना?"

"आणि मालकाच्या जागी दुसरं कुणाचं नाव घातलंस?"

त्याचं हसू हळूहळू ओघळलं. तो बदलीवाल्याकडे बघू लागला, बदलीवाला कप्तानाकडे.

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. कॉल लावून देणाऱ्या बाहेरच्या कंपनीनं मध्यंतरी त्यांच्याकडे नंबर पाठवण्याची पद्धत बदलली होती. स्मार्टफोनवर अ‍ॅप वापरणाऱ्यांना आठवणी जात होत्या, म्हणून पडद्यावरचे आकडे हिरवेगार. साध्या फोनवाल्यांचे कॉल मात्र तेव्हापासून लागतच नव्हते, आणि प्रत्येक वेळी अलार्म इमानेइतबारे तिला वाजत होता, जिचे कान यांनी प्रेमानं बंद करून ठेवले होते.

"पण एकानंही तक्रार कशी केली नाही?" बदलीवाला पुटपुटला.

"त्यांना वाटलं, यांना कशाला त्रास," ती म्हणाली.

कप्तान तिला काचेच्या खोलीत घेऊन गेला. दार लावून घेतलं. "हे बघ, झालं ते वाईट झालं. तू शांतपणे दुरुस्त करून टाक. आणि उद्या हे काढू नकोस. उद्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई बसणार आहेत ऐकायला, नवं काम ठरायचंय."

"दुरुस्त करते. ते तू सांगायची वाट बघत नव्हते. उद्या मी बोलणार."

"अगं, उद्या त्याचा..."

"माझा होता."

"चिडू नकोस. आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं ना? कुणाचा वाईट हेतू होता का?"

"नव्हता. तोच तर वैताग आहे," ती म्हणाली. "वाईट हेतू असता तर तू आधी माझ्याशी बोलला असतास, निदान भांडायला. माझी आई चक्कर येऊन कॉटवर बसली होती, कप्तान. चक्कर थांबली. बाकीच्यांचं आपल्याला काय माहीत?"

त्यानं दार उघडलं.

दुपारपर्यंत तिनं नंबरांची पद्धत सुधारली, टेस्टरताईनं जवळ बसून ती उलटीसुलटी तपासली, आणि कॉल पुन्हा लागू लागले. मग ती अलार्मकडे वळली. निघताना फळ्यापाशी जाऊन तिनं तळहातानं बदलीवाल्याचं नाव पुसलं आणि आपलं लिहिलं. तो मागेच उभा होता.

"आणि मी?"

"तू पुढच्या शुक्रवारी. जरा निवांत घे. तुझ्या सोयीसाठी."

टेस्टरताई खोकल्यासारखं करून हसली.

शुक्रवारी खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. वरच्या मजल्यावरच्या बाई वही न घेता आल्या होत्या आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. तिनं आपली नवी उशीवाली खुर्ची कप्तानाकडे सरकवली आणि उभ्यानंच बोलायला लागली. म्हाताऱ्या इंजिनिअरचा लेख सांगितला. बॉयलर, कोठार, पोती. लोक हसले.

"हे मी दवाखान्यात, टोचायच्या रांगेत वाचलं," ती म्हणाली. "आता आपल्याकडे कुठे बोचतं ते दाखवते." आणि तिनं लॅपटॉपवर एक बटण दाबलं.

कप्तानाचा फोन कर्कश वाजू लागला. त्यानं दचकून तो कापला. लगेच सर्व्हरवाल्याचा वाजला. त्यानंही कापला. मग बदलीवाल्याचा, मग टेस्टरताईचा, मग तिचा स्वतःचा, आणि पुन्हा फिरून कप्तानाचा.

"बंद कर ते," कप्तान म्हणाला.

"कापला की पुढच्याकडे जातो. उचलून 'मी बघतो' म्हटल्याशिवाय थांबत नाही. कालपासून असं केलंय."

फोन आणखी एक चक्कर मारून आला. शेवटी कप्तानानं तो उचलला आणि कान लाल करून, सगळ्यांसमोर, यंत्राला म्हणाला, "मी बघतो."

फोन थांबले. मग तिनं सगळं सांगितलं. कुणाचं खातं कधी म्यूट झालं, कुणी केलं, का केलं, कॉल कुठे अडले. आवाज चढवला नाही. हात खिशात घातले. "ज्यांना कॉल गेले नाहीत, त्या प्रत्येकाला आज आपण फोन करायचा. रेकॉर्डिंग नाही, माणसानं. बरे आहात का, विचारायचं. आणि चूक आमची होती, हे सांगायचं."

"ते खूप लोक असतील," कप्तान म्हणाला.

"असतील."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कप खाली ठेवला. "मला पण द्या त्यातले थोडे," त्या म्हणाल्या. "आणि हे नवं काम तुम्हीच घ्या. या अवस्थेत झेपेल ना?"

"कुठल्या अवस्थेत?" तिनं विचारलं.

बाईंनी हात पुढे करून नंबर मागितले. दुपारभर ती खोली 'हॅलो आजी', 'हॅलो काका', 'नाही हो, काही विकत नाहीये' यांनी भरून गेली. एका आजोबांनी कप्तानाला चांगलं फैलावर घेतलं. तो उभा राहून "हो, हो, खरंय तुमचं" म्हणत होता. तिला त्याची दया आली नाही. एकाचा फोन कुणी उचलेना तेव्हा बदलीवाला पुन्हा पुन्हा लावत राहिला, ऑफिस रिकामं व्हायला लागलं तरी. अखेर उचलला गेला. माणूस बागेत होता.

शनिवारी दुपारी ठकी रडायला लागली तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली होती. आज आधी तीच बसली होती, लॅपटॉप उघडून, नवऱ्याचे हेडफोन गळ्यात अडकवून. नवरा सोफ्यावर.

"अगं, रडतेय ती," सासूबाई आतून म्हणाल्या.

"अहो आई, मी वाचतेय," ती म्हणाली. सासूबाई दारात आल्या, तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि मग सोफ्याकडे वळल्या. "ऊठ रे," त्या लेकाला म्हणाल्या. "तुला काय ऐकू येत नाही? कानांवर तर काही नाहीये आज."

तो उठला. ठकीला उचलून खिडकीशी नेलं, खांद्यावर आडवं टाकलं, उभं केलं, पुन्हा आडवं. ठकी रडतच होती. इकडे टेबलाशी तिला पान्हा फुटला, छाती दुखली. ती जागची उठली नाही. लगेच नाही.

फोन वाजला. कप्तान.

"ऐक ना, अलार्म वाजतोय. आज माझा दिवस आहे. एका आजींचा कॉल लागत नाहीये." मग मागचा आवाज ऐकून तो घाईनं म्हणाला, "अरे, बाळ रडतंय वाटतं. राहू दे, राहू दे. मी नंतर करतो, तुला कशाला..."

"ती बापाकडे आहे," ती म्हणाली. "बोल. कुठल्या आजी?"